आधी उत्तर, मग प्रश्न

वरणगाव
१० नोव्हेंबर २०२४

चि. भाविका हिस,
पंडितकाकाचे आशीर्वाद आणि जय भीम.

मी कोण ते तुझ्या एकदम लक्षात येणार नाही. मी मृणालीचा पप्पा, पंडित सुरवाडे. सप्टेंबरात तिच्या जलदान विधीला तू धुळ्याहून आली होतीस. मांडवात सगळ्यात मागे पांढऱ्या ओढणीतली एक मुलगी बसली होती, ती तू, हे मला नंतर तिच्या आईने सांगितलं. त्या दिवशी मी कोणाला ओळखण्याच्या स्थितीत नव्हतो. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत हाताशी आलेली पोर गेली. तू जेवलीस की नाही, तुला परतीची गाडी मिळाली की नाही, काहीच विचारलं नाही. त्याची रुखरुख लागून राहिली आहे.

आता पत्राचं कारण. तिच्या कपाटात पाच पुस्तकं सापडली. खाकी कव्हर घातलेली, वर ‘रसायनशास्त्र’ असं लेबल. उघडून बघतो तर रसायनशास्त्राचा पत्ता नाही, मोठ्या मोठ्या डोळ्यांची जपानी पोरं-पोरी! प्रत्येकावर तुम्हा दोघींची नावं. भागांचे आकडे सगळे सम, म्हणजे विषम तुझ्याकडे असणार असा माझा अंदाज आहे.

पुस्तकं निम्मी तुझी, म्हणून विचारतो. थोडे दिवस ती माझ्याकडे राहू देशील का? मृणाली ही घेऊन खोलीचं दार लोटून बसायची. आतून हसण्याचा आवाज यायचा, कधी नाक ओढल्याचा. मी बाहेरून ओरडायचो, “कॉमिक वाचायचं वय आहे का तुझं?” ती म्हणायची, “पप्पा, तुम्हाला नाही कळायचं.” मग मी आपला पेपर उघडायचो. आता मला ते कळून घ्यायचं आहे. इंग्रजी मला कारखान्यात लागायचं तेवढं येतं, घरात डिक्शनरी आहे, आणि निवृत्त माणसाला वेळ कुठे घालवायचा हाच प्रश्न असतो. जमलं तर तुझ्याकडचेही भाग पाठव.

तुझी पत्रं तिच्या आईने तिच्याच एका ओढणीत बांधून ठेवली आहेत. आम्ही ती वाचलेली नाहीत आणि वाचणारही नाही.

तुझा,
पंडितकाका

-

देवपूर, धुळे
२४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय काकांना,
जय भीम.

पाकिटावर ‘वरणगाव’ वाचलं आणि मी ते बराच वेळ उघडलंच नाही. वरणगावहून मला एकच माणूस पत्र लिहायचं.

पुस्तकं हवी तितके दिवस ठेवा. माझ्याकडचे विषम भाग या पत्राबरोबरच पाठवते आहे. आमच्या नरडाण्याचे स्वप्नीलदादा धुळे-भुसावळ गाडीवर कंडक्टर आहेत. नेहमी त्यांच्याच हाती पुडकं द्यायचं. मी इथे स्टँडवर देणार आणि मृणाली कॉलेज सुटल्यावर भुसावळ स्टँडवर घेणार, अशी आमची पद्धत होती. तुम्हाला भुसावळपर्यंत जावं लागेल, त्याबद्दल माफ करा.

आम्ही दोघी अकरावी-बारावीला जळगावच्या हॉस्टेलवर एका खोलीत होतो. पहिला भाग तिच्या मामेभावाने पुण्याहून आणून दिला. दुसरा आम्ही दोघींनी मिळून घेतला, मग सगळेच मिळून. रेक्टरबाईंना कळू नये म्हणून खाकी कव्हरं आणि रसायनशास्त्र. बारावीनंतर ती भुसावळला आणि मी धुळ्याला, मग भाग वाटून घेतले. नियम एकच होता. फोनवर गोष्टीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. जे वाटलं ते कागदावर लिहायचं आणि पुस्तकात घालून पाठवायचं. नियम मृणालीचा, कारण मला पुढचं सांगून टाकायची खोड आहे.

त्यात एवढं काय आहे असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. काका, त्यात काहीच नाही. शोहेई नावाचा मुलगा आहे, फुमिको नावाची मुलगी आहे, आणि एक शाळा. पोरं शाळेत आल्यावर बूट काढून लाकडी कप्प्यात ठेवतात. वर्ग स्वतः झाडतात. गच्चीवर डबा खातात. कोणाला कोणाचं आडनाव विचारून गाव आणि जात काढायची नसते. बसस्टँडवर कोणाची मावशी नजर ठेवून उभी नसते. कधी अख्ख्या पानावर फक्त एक हात आणि एक बाही काढलेली असते, आणि ती बाही ओढावी की नाही एवढंच त्या पानात घडतं. ते पान आम्ही हॉस्टेलवर किती दिवस उघडून बघत होतो! मृणाली म्हणायची, अशी शाळा कुठे असेल तर मी पुन्हा आठवीपासून बसायला तयार आहे.

आईंना नमस्कार सांगा.

भाविका

-

वरणगाव
१५ डिसेंबर २०२४

चि. भाविका,
आशीर्वाद.

शेजारच्या पोराने भुसावळहून पुडकं आणून दिलं. अकराच्या अकरा भाग वाचून काढले. तिच्या आईने चहा समोर ठेवावा आणि मी डिक्शनरीत डोकं घालून बसावं, असा महिना गेला.

खरं सांगू? मला तुमची पुस्तकं फार दुःखी वाटली. आणि विचित्रही. प्रत्येक भागात आधी ती दोघं जवळ असतात, एकाच डब्यातलं खातात, मग हळूहळू लाजायला लागतात, मग लांब लांब उभी राहतात आणि शेवटी एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. पुढचा भाग उघडावा तर पुन्हा जवळ! आणि बोलण्याची तर कमालच. आधी एक जण उत्तर देतो, मग दुसरा प्रश्न विचारतो. छत्री आधी मिटतात, मग पाऊस येतो. जपानी लोकांची रीत असेल म्हणून मी मान्य करून टाकलं. पण पहिल्या भागाचं शेवटचं चित्र मला फार आवडलं. ती पोर नव्या गणवेशात शाळेच्या फाटकाशी उभी आहे, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. अजून तिला काही झालेलं नाही. मृणालीला तुमच्या हॉस्टेलवर सोडलं तेव्हा ती तशीच उभी होती. ते पान मी काढतो, बघतो, मिटतो.

आता जे विचारायला मी मुळात पत्र लिहायला बसलो ते विचारतो.

मधूनमधून कधीतरी मृणाली कॉलेजला जाताना कपाटातला चांगला ड्रेस काढायची, तो मोरपंखी. कानात झुमके घालायची. आई विचारायची, आज काय आहे? ती म्हणायची, पार्सल यायचंय. कंडक्टरच्या हातून पुडकं घ्यायला कोणी झुमके घालून जातं का? तेव्हा मी मनात म्हणालो, पोरगी मोठी झाली, एखाद्या दिवशी स्वतःच सांगेल. तो दिवस आलाच नाही.

तिच्या मनात कोणीतरी होतं, असं मला वाटतं. कदाचित तुझा तो कंडक्टरच. कोणीही असो. कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, मला काही घेणं नाही. भाविका, या घरात आता मी आणि तिची आई असे दोघंच तिचं नाव घेतो. लोक येतात, पण तिचा विषय निघाला की पाऊसपाण्याचं बोलतात. तिच्यासाठी जीव तुटणारं तिसरं माणूस या जगात कुठे असेल, आणि आमच्या दारात यायला घाबरत असेल, तर मला ते माणूस पाहिजे. त्याने यावं, बसावं, चहा घ्यावा. मी त्याला एक प्रश्न विचारणार नाही. तुला माहीत असेल तर सांग.

पंडितकाका

-

धुळे
२ जानेवारी २०२५

आदरणीय काका,
जय भीम.

तुमचं पत्र वाचून मी मोठ्याने हसले. मृणाली गेल्यानंतर पहिल्यांदा. खोलीतल्या मुली दचकल्या.

काका, तुम्ही सगळी पुस्तकं उलटी वाचलीत! जपानी पुस्तक आपल्या मागच्या बाजूने उघडायचं. पान उजवीकडून डावीकडे वाचायचं, चौकटीही उजवीकडूनच. आपल्या सवयीने उघडणाऱ्यासाठी त्या बाजूच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात इशारा छापलेला असतो, पण खाकी कव्हर घालताना आम्ही ते पान कव्हराच्या आत चिकटवून टाकलं. म्हणजे चूक आमचीच. फाटकाशी उभी असलेली फुमिको हा शेवट नाही, ती सुरुवात आहे. तिथून पुढे त्यांची ओळख होते.

आता सरळ वाचाल तेव्हा तुम्हाला दुःख होणार नाही, संताप येईल. शोहेई तिसऱ्या भागात सांगायला तोंड उघडतो तर आगगाडी धडधडत जाते. चौथ्यात जत्रेतले फटाके फुटतात. पाचव्यात नवी मुलगी शाळेत येते आणि तिच्यामुळे तो अख्खा भाग फुकट जातो. सहावा भाग तर संपूर्ण एका छत्रीवर आहे. सातव्यात तो सांगतो, पण तिला झोप लागलेली असते. सातवा भाग मृणालीने भिंतीवर फेकून मारला होता, त्याचा एक कोपरा दबलेला आहे बघा. दहाव्यानंतर लेखिका आजारी पडली म्हणून वर्षभर काही आलंच नाही. मृणालीने तेव्हा मला लिहिलं होतं, यांना कोणी अडवत नाही, कोणी मारायला धावत नाही, घरचे तर पुस्तकात दिसतच नाहीत, मग यांचं घोडं अडतं कुठे? मी तिला लिहिलं की अडवायला कोणी नसलं म्हणजेच जास्त कठीण जात असेल. त्यावर तिने फक्त एक प्रश्नचिन्ह काढून पाठवलं.

तुम्ही जे विचारलंत त्याबद्दल. कोणी मुलगा नव्हता. असता तर मला माहीत असतं. स्वप्नीलदादांवर संशय घेऊ नका, ते दोन मुलींचे बाप आहेत.

ड्रेसचं मला माहीत नव्हतं. मोरपंखी म्हणजे गळ्याला आरसे लावलेला तोच ना? तो आम्ही जळगावला फुले मार्केटमधून घेतला होता. माझ्याकडे तसाच आहे, डाळिंबी रंगाचा. ती तो पार्सल घ्यायला घालायची हे मला खरंच माहीत नव्हतं.

भाविका

-

वरणगाव
९ फेब्रुवारी २०२५

चि. भाविका,
आशीर्वाद.

कारखान्यात माझी उमर माल तपासण्यात गेली. कोणती बाजू वर आणि कोणती खाली हे पोरांना शिकवायचो मी! आणि पुस्तक उलटं धरून बसलो. तिच्या आईला सांगितलं तर ती पहिल्यांदा जराशी हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली.

सगळे भाग सरळ वाचले. तू म्हणालीस तसा संतापही आला. शोहेई आमच्या खात्यात असता तर एका पाळीत त्याची बदली केली असती. माणसाने किती घोटाळावं? पोरगी समोर उभी आहे, तुझ्या वाटेचा डबा घेऊन आली आहे, तुझ्या तुटलेल्या बटणाकडे बघते आहे, अजून काय तिने पाटी लावावी? सातवा भाग माझ्याही हातून टेबलावर आपटला गेला. दुसरा कोपराही आता दबला.

पण उलटं वाचल्याचा एक फायदा झाला, तो तुला सांगतो. पुढे काय होणार हे मला आधीच माहीत होतं. त्यामुळे सरळ वाचताना पहिल्याच भागात मला दिसलं की त्या पोरीचं त्याच्यावर मन बसलेलं आहे. ती त्याच्याशी भांडते तेव्हासुद्धा. शोहेईला ते अकरा भागांत दिसलं नाही. समोर असतं तेव्हा दिसत नाही, मागून बघितलं की प्रत्येक पानावर तेच असतं.

मी भुसावळ स्टँडवर जाऊन आलो. स्वप्नीलला भेटलो. भला माणूस आहे. मी कोण हे कळल्यावर त्याने गाडीचा टाइम होईपर्यंत मला सोडलं नाही. कँटीनला नेलं. मृणालीबद्दल बरंच बोलला. काय बोलला ते आत्ता लिहीत नाही, मला त्यावर जरा विचार करू दे.

बारावा भाग शेवटचा ना? आला की कळव. आणि भाविका, तुला काही सांगावंसं वाटलं तर लिही. हा म्हातारा उलटं वाचेल, पण वाचेल.

पंडितकाका

-

धुळे
१ मार्च २०२५

आदरणीय काका,
जय भीम.

परीक्षा जवळ आली म्हणून थोडक्यात लिहिते. बारावा भाग आला आहे. मी तो उघडलेला नाही. तो आम्ही दोघी एकत्र वाचणार होतो, भुसावळ स्टँडवर भेटून. पार्सलाने पाठवायचा नाही असं तिनेच ठरवलं होतं.

घरी परीक्षेनंतर स्थळं बघायचं चाललं आहे. आई म्हणते, एका मैत्रिणीसाठी माणूस किती दिवस सुतकात राहतं? मी ‘अभ्यास आहे’ म्हणून उठते.

भाविका

-

(पोस्टकार्ड)
वरणगाव
१९ मे २०२५

चि. भाविका,
आशीर्वाद. तुझं पत्र नाही. पेपर कसे गेले? इकडे ऊन म्हणजे नुसती भट्टी. तिची आई विचारते, धुळ्याची पोर बरी आहे ना? पुस्तकाची घाई नाही. दोन ओळी टाक.
पंडितकाका

-

नरडाणा
२० जुलै २०२५

आदरणीय काका,
जय भीम.

कार्ड धुळ्याहून इथे फिरून आलं. मी दोन महिने घरी आहे. रोज तुम्हाला पत्र लिहायला घेते आणि राहतं.

परवा मी बारावा भाग उघडला. या पत्राबरोबर पाठवते आहे, पण आधीच सांगून टाकते, माझी खोड जात नाही. शाळा संपलेली असते. फुमिको दुसऱ्या शहरात निघालेली असते आणि शोहेई स्टेशनवर धावत येतो. मी वाट बघत होते की आता गाडी धडधडणार, नाहीतर भोंगा वाजणार. काही होत नाही. फलाट रिकामा असतो. तो म्हणतो, तू मला आवडतेस, पहिल्या दिवसापासून. आणि ती म्हणते, माहीत होतं. त्यानंतरची दोन पानं कोरी आहेत, वर थोडं आभाळ.

एवढ्यासाठी बारा भाग! मृणाली असती तर तिने स्टँडवर सगळ्यांसमोर पुस्तक फेकलं असतं, आणि मग स्वतःच उचलून आणलं असतं. मी ते पान मिटलं आणि मला शोहेईचा इतका राग आला की पुस्तक उशीखाली कोंबलं. बोलायला उशीर केला म्हणून नाही. त्याला उत्तर मिळालं म्हणून.

काका, तुम्ही विचारलं होतं. मी लिहिलं, मुलगा नव्हता. ते खरं आहे. मी होते.

आता लिहूनच टाकलं तर सगळं लिहिते. मुलगा आणि मुलगी एका बाकावर बसली तर आमच्याकडे गावभर होतं. आम्ही दोघी हातात हात घालून अख्खं फुले मार्केट फिरलो, एका छत्रीतून हॉस्टेलवर आलो, एका ताटात जेवलो, कोणी मान वर करून बघितलं नाही. रेक्टरबाई तर दुसऱ्या मुलींना आमचं उदाहरण द्यायच्या, मैत्री असावी तर अशी. आम्हाला कसली अडचण नव्हती, म्हणून कधी काही बोलावंच लागलं नाही. माझ्या मनात काय आहे ते मला बारावीतच कळलं होतं. तिच्या मनात काय आहे ते मला कधीच कळलं नाही. ती सगळ्यांशीच चांगली वागायची. मी दर पत्रात लिहायचं ठरवायचे आणि फुमिकोबद्दल लिहून पत्र संपवायचे. बारावा भाग आला की सांगू, असं मी ठरवलं होतं. भुसावळ स्टँडवर, शेवटचं पान झाल्यावर. शोहेईला हसणारी मी.

जलदानाला मी मागे बसले, कारण कुठे बसायचं ते मला समजेना. घरच्यांची ओळ होती, भाऊबंदांची होती, गावातल्या बायांची होती. भंतेजींच्या गाथा चालू असताना तुम्ही घरचे सगळे एकमेकांच्या हाताला हात लावून तांब्यातलं पाणी ओतत होता. मी ओढणीखाली माझे हात एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते. मग कोणीतरी म्हणालं, मैत्रिणींनी जेवून घ्या, गाडीला उशीर होईल.

मला आता कोणाला काही विचारता येत नाही. फुमिकोला माहीत होतं. मृणालीला माहीत होतं का, हे मला कोण सांगणार? एवढ्या एकाच गोष्टीसाठी मला रडू येतं, बाकी मी सावरले आहे.

तुम्हाला राग आला असेल तर पत्र फाडून टाका. आईंना सांगू नका. पुस्तकं तुमच्याकडेच राहू द्या.

भाविका

-

वरणगाव
१४ ऑगस्ट २०२५

चि. भाविका,
आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं एक म्हणणं मी मोडलं. पत्र तिच्या आईला वाचून दाखवलं. ती पोरीची आई आहे, तिच्यापासून लपवायला माझं मन झालं नाही. सगळं ऐकून ती उठली, आतून ते ओढणीचं गाठोडं घेऊन आली, मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ त्यावर हात फिरवत बसली. मग म्हणाली, “म्हंजे मही पोर कोरडी नाही गेली.” आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर मोकळेपणी रडली. आम्ही दोघं रडलो. राग कशाचा यायचा?

हो, आधी मलाही दोन दिवस नीट झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू. मी जुन्या वळणाचा माणूस आहे. मी झुमके बघून मुलगा शोधत फिरलो. पण त्या दोन दिवसांत मी मृणालीची गोष्ट शेवटाकडून वाचत मागे गेलो. तापात असताना तिने दोनदा विचारलं होतं, पप्पा, पार्सल आलं का? मला वाटलं तापात बरळते. त्याच्या आधीचा उन्हाळा, मोरपंखी ड्रेसचा आणि झुमक्यांचा. त्याच्याही आधी, हॉस्टेलवरून सामान आणलं तो दिवस, गाडीत बसल्यावर ती मागे वळून बघत राहिली होती ते. प्रत्येक पानावर तू आहेस, पोरी. मीच बघितलं नव्हतं.

आता स्वप्नील काय बोलला ते लिहितो. फेब्रुवारीपासून माझ्याकडे आहे. तेव्हाच मला संशय आला होता, पण तुला विचारायला माझी जीभ रेटली नाही. शोहेईला शिव्या घालणारा मी, मीही त्याच्यासारखाच घोटाळत राहिलो. तो तुमच्या बोलीत बोलला, मी तसंच्या तसं लिहून घेतलं आहे.

तो म्हणाला, “काका, बठ्ठा स्टँडमा ती एकच पोर अशी व्हती की गाडी लागाना पयलेच उभी ऱ्हाये. मी पुडकं हातमा दिधं की तठेच बाकवर बशी जाये. पुस्तक मांडीवर ठी दे, आन् पयले चिठ्ठी वाचे. मंग हासे. मंग परत पयलेपासून वाचे. पुस्तक तं ती तठे उघाडे बी नही. एक दिवस मी इचारं, काय वो माय, जवाईनी चिठ्ठी शे का? माले वाटनं, पोर चिडी. ती नुसती हासनी. नही म्हननी नही.”

मी त्याला पुन्हा विचारलं, जावयाची चिठ्ठी का म्हटल्यावर ती काय म्हणाली? तो म्हणाला, “काहीच नही, काका. चिठ्ठीनी घडी कयी, आन् हासनी. पन नही म्हननी नही.”

तू प्रश्न जुलैत विचारलास. उत्तर फेब्रुवारीपासून माझ्या खिशात होतं. आमचं सगळं असंच उलटं चाललेलं असतं.

तुझ्या बारावीपासूनच्या आणि तिच्या स्टँडवरच्या गोष्टीत मी आणखी काही भर घालू शकत नाही. ती असती तर तुम्ही पुढे काय केलं असतं, मी काय म्हणालो असतो, मला माहीत नाही. चांगला वागलोच असतो असं छातीठोक सांगवत नाही. पण आता ती नाही, आणि मी ज्या माणसाला वर्षभर शोधत होतो ते माणूस मला महिन्या-दोन महिन्यांनी पत्र लिहीत होतं.

३ सप्टेंबरला तिचा पहिला स्मृतिदिन आहे. भंतेजी सकाळी येतील. तू आदल्या दिवशीच ये, राहायला ये. आमच्याकडची कोणतीही ओळ तुला मागे बसवणार नाही, ते मी बघतो. कोणी विचारलं ही कोण, तर तिची आई उत्तर देईल, तिने सांगून ठेवलं आहे. पाणी ओतायच्या वेळी तू आमच्याजवळ बस. तांब्याला माझा हात असेल, तिच्या आईचा असेल, तसा तुझाही असेल.

बारावा भाग मी वाचला, सरळ. बाराच्या बारा भाग आता तिच्या कपाटात लावून ठेवले आहेत, खाकी कव्हरं काढून.

स्वप्नीलला निरोप दिला आहे, तो तुला गाडीत जागा धरून ठेवेल. मी भुसावळ स्टँडवर त्या बाकापाशी उभा असेन. येताना पांढरं घालू नकोस. तो डाळिंबी ड्रेस घालून ये.

तुझा,
पंडितकाका